गरम बाजूला एक जागा

हॉटेलच्या स्वयंपाकघराची ती प्रमुख झाली, त्या दुपारी तिच्या कौतुकासाठी केक कापला गेला. तो केक सकाळी तिनंच भाजून घेतला होता, कोणासाठी आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजरसाहेब चार शब्द बोलतो म्हणाले आणि बोलतच राहिले. "आपल्या हॉटेलात पहिल्यांदाच एक महिला," हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी भांडी घासणाऱ्या मावशी मागून पुटपुटल्या, "अहो, आम्ही काय मग पुरुष?" सगळे हसले. टाळ्या झाल्या. तिनं केकचा तुकडा उचलला आणि नकळत डावीकडे वळून हात पुढे केला.

डावीकडे फ्रीज होता.

ही तिची जुनी खोड. एखादा सॉस मनासारखा जमला, मासा नेमका परतला गेला, की चमचा आपोआप डावीकडे जायचा. तिथे एके काळी चटका उभी असायची.

चटकाचं खरं नाव फक्त कागदोपत्री होतं. कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं ओव्हनमधून तापलेला ट्रे काढला, फडक्याला भोक होतं, हात भाजला. कुणीही ट्रे टाकून दिला असता. हिनं तो तसाच चालत टेबलापर्यंत नेला, नीट ठेवला, आणि मग तळव्यावर फुंकर घालत म्हणाली, "कुणी बर्फ देईल का?" त्या दिवसापासून ती चटका. तिनं लगेच परतफेड केली. तिच्याबरोबरच कामाला लागलेली दुसरी मुलगी ताडमाड उंच होती, कापायच्या बुटक्या टेबलावर वाकून वाकून तिची पाठ मोडायची. चटका म्हणाली, "उंटीण, खाली बघ, काकडी इथे आहे." ते नाव तिनंच ठेवलं आणि ती एकटीच वापरायची. आज जिला सगळे अदबीनं शेफ म्हणतात, ती ही उंटीण.

त्या वेळी सबंध स्वयंपाकघरात बायका या दोघीच, मावशी सोडून. दोघींना थंड बाजूला उभं केलं होतं. फळं कापायची, सॅलड लावायचं, पुडिंगवर पुदिन्याचं पान ठेवायचं. शेगड्या, भट्टी, मोठे टोप, आरडाओरडा, घाम, हे सगळं समोरच्या गरम बाजूला, आणि तिथे पुरुष. तेव्हाचे मोठे शेफ म्हणायचे, "बायकांचा हात हलका असतो, सजावट त्यांनीच करावी."

"हलका म्हणे," चटका कलिंगडावर सुरी चालवत म्हणायची. "माझ्या आईनं जन्मभर पाण्याच्या बादल्या उचलल्या, तेव्हा कुठे गेला होता हा हलका हात?"

पण बोलताना तिची नजर समोरच्या जाळावर असायची. भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तशी. कोण कधी झाकण काढतं, कोण घाईत लोणी जाळतं, सगळं तिला इकडून दिसायचं. "बघ, आता करपणार," ती हळूच म्हणायची, आणि करपायचं.

बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती. दोघी कोरड्या मालाच्या कोठीत बदलायच्या, पिठाच्या पोत्यांमध्ये. कडी नव्हती. एक बदलत असताना दुसरी पाठ लावून दार धरायची. तिथेच, एक दाराला टेकलेली आणि दुसरी एका पायावर उड्या मारत पँट चढवत असताना, त्यांच्या सगळ्या महत्त्वाच्या गप्पा झाल्या. कुणाशी लग्न करावं, कुणाशी मुळीच करू नये, सूप गाळावं की न गाळावं.

एके दिवशी दुपारच्या जेवणाला एका कंपनीची मोठी पार्टी होती. ऐन गर्दीत सॉस सांभाळणारा आचारी सांडलेल्या तेलावरून घसरला आणि घोटा धरून बसला. ताटं बाहेर द्यायच्या खिडकीवर ऑर्डरच्या चिठ्ठ्या तुंबल्या. वाढपी मागे उभे राहून हाका मारू लागले. चटकानं हात पुसले, मधली वाट ओलांडली आणि त्याच्या शेगडीपाशी जाऊन उभी राहिली. कुणाला विचारलं नाही. मोठ्या शेफनी तोंड उघडलं, चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. पुढचा सगळा वेळ चार बर्नर, सहा पातेली आणि ती बुटकी मुलगी. मधेच तिनं मान वळवून ओरडून सांगितलं, "उंटीण, इकडे ये, मला दोन हात कमी पडतायत!"

पार्टी संपल्यावर मोठे शेफ म्हणाले, "उद्यापासून इथेच उभी राहा."

"ती पण," चटका म्हणाली.

"ती कशाला?"

"मी बुटकी आहे, शेफ. वरच्या फळीवरचं कोण काढून देणार?"

अशी उंटीण गरम बाजूला आली. पुढची वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात दमवणारी होती आणि सगळ्यात चांगलीही. चटकाची जीभ काही वेगळीच होती. चव घेतली की ती डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "झोपलंय," म्हणजे मीठ किंवा लिंबू हवं. "उठलंय, पण तोंड धुतलं नाही," म्हणजे अजून थोडं आटवायला हवं. आणि क्वचित, अगदी क्वचित, "बोलतंय गं." तो शब्द ऐकण्यासाठी उंटीण दिवसभर राबायची. घरी वहिनी म्हणायची, "तिकडे एवढं राबता, आणि घरी साधा चहा टाकायला सांगितला तर कंबर दुखते तुमची." खरंच दुखायची. पण सकाळी उठताना पुन्हा जावंसं वाटायचं.

चटकाचं लग्न झालं. मुलगी झाली. काही महिन्यांनी ती कामावर परत आली तेव्हा गालफडं बसली होती, पण शेगडीपाशी उभी राहिल्यावर चेहरा पुन्हा तोच. त्रास झाला तो ब्रेक शिफ्टचा. म्हणजे सकाळी येऊन दुपारचं जेवण उरकायचं, मग मधे काही तास सुट्टी, आणि संध्याकाळी पुन्हा. तिचं घर लांब. त्या मधल्या तासांत घरी जाऊन येणं व्हायचं नाही. मग ती बागेतल्या बाकावर नाहीतर कोठीतल्या पोत्यांवर बसून राहायची. अंगावर पिणारं मूल सासूबाईंपाशी, आणि हिचे कपडे ओले व्हायचे. कोणत्या दिवशी कोणती शिफ्ट, हे आदल्या दिवशी कळायचं.

तिनं मोठ्या शेफना विचारलं, "मला सलग शिफ्ट द्या. सकाळची द्या, पहाटेची द्या, कुठलीही चालेल. फक्त सलग."

"सलग हवी तर थंड बाजूला जा," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्याला जसं शिकवलं गेलं तसंच त्याला येत होतं. "गरम बाजूला असले लाड चालत नाहीत."

ती गेली नाही. त्याच शिफ्टमध्ये राहिली.

मग तो दिवस आला. दुपारची ऐन वेळ होती. भिंतीवरचा फोन वाजला, मोठ्या शेफनी घेतला, ऐकलं आणि ठेवून दिला. पातेली खळखळत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. उंटीण चटकाच्या शेजारीच उभी होती, तिलाही कळलं नाही. शेवटचं ताट खिडकीतून गेल्यावर शेफ म्हणाले, "तुझ्या घरून फोन होता. मुलीला ताप चढलाय, आकडी आली म्हणे, दवाखान्यात नेलंय."

"कधी आला होता?"

"मघाशी. सर्व्हिस चालू होती."

चटकानं त्यांच्याकडे पाहिलं. ॲप्रन सोडला, घडी केली, शेगडीच्या कडेला ठेवला. उंटीण दारापर्यंत तिच्या मागे धावली. "मी येते तुझ्याबरोबर." चटका म्हणाली, "तू थांब. संध्याकाळचं तुझ्यावर पडेल." आणि मग, "येते गं."

निघताना जाते कुणी म्हणत नाही, येते म्हणतात. उंटीणीनं तो शब्द पुष्कळ दिवस खराच धरून ठेवला होता.

मुलगी बरी झाली, हे मावशींकडून कळलं. चटका कामावर परत आली नाही, तिचं घरही बदललं. उंटीण दोनदा जुन्या पत्त्यावर जाऊन आली. मग कामानं गिळलं. मोठे शेफ निवृत्त झाले, दुसरे आले, तेही गेले. डावीकडच्या त्या शेगडीवर कितीतरी माणसं उभी राहिली. चांगली होती, वाईट होती. चमचा पुढे केला की सगळे एकच म्हणायचे, "छान आहे." छान या शब्दानं तिला आतून रिकामं वाटायचं. एकटीनं चव घेऊन घेऊन ती उत्तम झाली, लोक नावाजू लागले. पण आपलं काम बोलतंय की नुसतंच जागं आहे, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

आणि आता ती प्रमुख झाली होती.

पहिल्या सोमवारी तिनं बायकांना कपडे बदलायला रिकामे खोके टाकायची खोली साफ करून घेतली, तिला आतून कडी बसवली, आरसा लावला. मग फळ्यावर नव्या शिफ्ट लिहिल्या. सगळ्या सलग. दोन आठवडे आधी ठरलेल्या. ब्रेक शिफ्ट बंद. खाली एक ओळ: घरून फोन आला तर निरोप त्याच क्षणी द्यायचा, पातेलं करपलं तरी चालेल.

तिच्या हाताखालचे दुय्यम शेफ, ज्यांना सगळे मिशीवाले काका म्हणायचे, ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"पातेलं करपलं तरी चालेल?" त्यांनी विचारलं. त्यांना शिफ्टपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

"चालेल, काका."

"आम्ही या ब्रेक शिफ्टमध्ये आयुष्य काढलं."

"म्हणूनच तर बंद केली."

काका मिशी चावत गेले. दोन दिवस त्यांनी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी तळणाचं काम करणारा धिप्पाड आचारी हळूच येऊन म्हणाला, "शेफ, सकाळची सलग मिळाली तर… मुलाला शाळेतून मी आणू शकेन. त्यानं अजून मला उजेडात नीट बघितलेलं नाही." आणि स्वतःच लाजून हसला. काका पलीकडे सुरीला धार लावत होते. त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही. त्यानंतर मात्र ते फळ्याबद्दल काही बोलले नाहीत.

स्वयंपाकघरात आता तीन मुली होत्या, तिघीही थंड बाजूला. त्यांतल्या सगळ्यात धाकटीला, जिला सगळे नवी म्हणायचे, उंटीणीनं सॉसच्या शेगडीवर आणलं. नवीचे हात चपळ होते, पण जीव घाबरा. कुणी मागून गेलं तरी दचकायची. सॉस बिघडण्याआधीच माफी मागायची.

"माझ्याच्यानं नाही होणार, शेफ. मला परत काकड्यांकडे पाठवा."

उंटीणीनं समजावलं, दाखवलं, एकदा रागावून पाहिलं. काही लागू पडेना. ती स्वतः ज्या धिटाईनं या बाजूला आली होती ती तिची नव्हतीच मुळी, दुसरीची उसनी होती. जे आपल्यापाशी नाही ते हिला कुठून देणार?

त्या दिवशी तिनं मावशींना विचारलं, "चटका कुठे असते हो आता?"

मावशींनी तवा घासता घासता तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न फार उशिरा आला. "शाळेत आहे की ती. पोरांचं जेवण बघते. पुलापलीकडची मोठी शाळा. माझी नात तिथेच जाते."

आपल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती बसनं गेली. शाळेचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं, एका पत्र्याच्या छपरापलीकडे. लांबूनच कांदा परतल्याचा वास आला. इतक्या धीम्या आचेवर इतका एकसारखा कांदा कोण परततं हे तिला ठाऊक होतं. दारात उभी राहिली तेव्हा आतली बाई पाठमोरी होती. तीच बुटकी, पायाखाली लाकडी पाट घेतलेली, केस अर्धे पांढरे.

बाईनं मागे वळून पाहिलं. क्षणभर पळी थांबली.

"उंटीण, दार लाव. माश्या येतात."

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे. उंटीणीनं दार लावलं, आणि तिथेच दाराला टेकून रडायला लागली. चटकानं रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता ते बटाटे सोल. फुकट कुणी उभं राहायचं नाही इथे."

दोघी बटाटे सोलत बसल्या. मुलगी मोठी झालीय, पळण्याच्या शर्यतीत असते, आईपेक्षा वीतभर उंच. सासूबाई गेल्या. नवरा बराय, बोलतो कमी, खातो जास्त. उंटीणीनं आपलं सांगितलं, भाऊ-वहिनीचं सांगितलं, केकचं सांगितलं. चटका खूप हसली. मग उंटीणीनं ज्यासाठी आली होती ते सांगितलं.

"गरम बाजूची प्रमुख हो. जागा तुझीच आहे. शिफ्ट सलग. ब्रेक शिफ्ट मी बंद केलीय."

चटकाचे हात थांबले नाहीत, पण साल जाड निघू लागली.

"कशी बंद केलीस?"

"फळ्यावर लिहिलं."

"आणि?"

"आणि काय? काका दोन दिवस फुगले. मग झालं."

"इतकं सोपं होतं?" चटकानं सुरी खाली ठेवली. "खडूनं एक ओळ लिहायची, एवढंच? मग तेव्हा का नाही गं झालं? मी काही कुणाचा जीव मागितला नव्हता. सलग आठ तास मागितले होते."

बाहेर मुलांचा गलका चालू होता. उंटीणीनं तिच्या हातावर हात ठेवला. चटकानं काढून घेतला नाही.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "इथे कांदा टाकला की अजून वाटतं, मागून आता कुणी तरी ओरडेल. दोन मासे, एक सूप, टेबल तीन! मी मान वळवते. मागे नुसती बादली असते. मुलं गोड आहेत. हात धुऊन रांगेत उभी राहतात, काही काही तर मला मिठी मारून जातात. इथे माझं वाईट चाललंय असं समजू नकोस. पण जाळ आहे ना तो, निळा, कानापर्यंत येणारा… त्याची आठवण अंगाला येते. नवऱ्याला सांगायला गेले तर म्हणाला, घरात शेगडी आहे की."

"म्हणून तर म्हणते, चल."

"तेव्हाची मी चल म्हणाले असते. आता त्या जागेवर रोज उभी राहिले तर रोज हिशेब होईल, इथे केव्हापासून असायला हवं होतं याचा. ती वर्षं तुझ्या फळ्यावर नाहीत, उंटीण." तिनं उठून पातेल्यात डोकावलं. "आणि या पोरांना कोण बघणार? नाही. नको विचारूस परत."

उंटीणीनं परत विचारलं नाही. निघताना फक्त नवीबद्दल सांगितलं. हात चांगले आहेत, पण आधीच माफी मागते. चटका म्हणाली, "माफी मागते? सॉसची?" आणि कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या शनिवारी, दुपारच्या गर्दीला थोडा वेळ असताना, मालाच्या दारातून चटका आत आली. हातात स्वतःची सुरी, फडक्यात गुंडाळलेली.

"शाळेला सुट्टी असते आज," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "त्या पोरीला एकदा दाखवते आणि जाते."

नव्या खोलीत जाऊन तिनं कपडे बदलले. कडी लावल्याचा आवाज आला, मग काढल्याचा, मग पुन्हा लावल्याचा. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "साबण वाईट आहे तुमचा."

शेगडीपाशी उभी राहून तिनं जाळ मोठा केला. नुसता केला आणि बघत राहिली. मिशीवाले काका, जे तिच्या वेळी तिथे साधे आचारी होते, त्यांनी तिच्या पायाशी एक उपडा खोका सरकवला. तिनं त्यावर पाय ठेवला. मग ऑर्डरी सुरू झाल्या.

हात काही गोष्टी विसरले होते. एकदा तिनं चुकीच्या बाजूचा बर्नर चाचपला, एकदा दमून श्वास घ्यायला थांबली. पण आवाज विसरला नव्हता. "नवी, माफी कुणाची मागतेस? सॉस काय तुझा सासरा आहे? चव घे. काय म्हणतंय?"

"मी… माहीत नाही."

"झोपलंय. मेलेलं नाही, झोपलंय. उठव त्याला. लिंबू. अजून. आता घे."

नवीनं चव घेतली आणि तिचे डोळे मोठे झाले. चटकानं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि खिडकीकडे बघून अख्ख्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असं ओरडली, "सॉस जातोय!"

उंटीण खिडकीशी ताटं पुसत होती. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं. शेवटचं ताट येऊच नये.

शेवटचं ताट आलंच. चटकानं सुरी गुंडाळली, बस गाठली. पण पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. कायमची ये, असं उंटीण म्हणाली नाही. आठवड्यातले बाकीचे दिवस डावीकडे नवी उभी असायची, हळूहळू दचकणं विसरत चाललेली. तीही बरी चव घेऊ लागली होती. तरी शुक्रवारी दुपारपासून उंटीणीला वेगळंच व्हायचं, आणि शनिवारी जेवणाची वेळ सरली की घर रिकामं झाल्यासारखं.

असाच एक शनिवार. गर्दी ऐन भरात होती. मालाच्या दारात एक उंच मुलगी येऊन उभी राहिली, खांद्यावर खेळाची पिशवी, बूट मातीनं माखलेले.

"आईला न्यायला आलेय," ती म्हणाली. "माझ्या मावशीकडे जायचंय आम्हाला. लवकर आले का?"

उंटीणीला तिला ओळखायला वेळ लागला नाही. हनुवटी तीच. तिनं मुलीला खिडकीच्या कोपऱ्यात, गर्दीच्या वाटेतून बाजूला उभं केलं. चटकाची पाठ तिकडे होती. तिच्यासमोर चारही बर्नर पेटलेले, एका हातात पळी, दुसऱ्यानं नवीला काही दाखवत ती मोठमोठ्यानं बोलत होती, हसत होती, काकांना दरडावत होती. काका निमूट ऐकत होते.

मुलगी बघत राहिली. पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात आली तरी तिला कळलं नाही.

"आई घरी असं बोलत नाही," ती म्हणाली.

उंटीणीनं एक ताट पुसून पुढे सरकवलं.

"पूर्वी पण अशीच होती?"

"याहून मोठ्यानं."

मुलगी जरा हसली. मग हसू गेलं. "आजी म्हणायची, मी आजारी पडले म्हणून तिनं इथलं सोडलं. माझ्यामुळे."

उंटीणीनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. तिकडून वाढपी हाक मारत होता, तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"तू आजारी पडलीस. लहान मुलं पडतात," ती म्हणाली. "तुझ्यामुळे काही झालं नाही. इथली शिफ्ट वाईट होती. आणि फोन आला तर सांगत नसत. म्हणून गेली ती. नीट ऐकलंस?"

मुलीनं मान हलवली.

"मी थांबू का इथे? तिचं होईपर्यंत?"

उंटीणीनं एक उंच स्टूल ओढून आणलं, पुसलं आणि तिला बसवलं. "मागे सरकून बस, गरम भांडी जातात इथून."

खिडकीतून ताटं जात राहिली. मुलगी मांडीवर पिशवी घेऊन आईकडे बघत होती. आईला ती आल्याचं अजून कळलं नव्हतं, आणि उंटीणीनं तिला हाक मारली नाही.